जुन्या पुस्तकातली दुरुस्ती

मागच्या महिन्यात घरात एक मुंज झाली. पंगती उठल्या, विडे झाले आणि मंडळी नेहमीप्रमाणे गाद्यांवर लोळत गप्पा मारत बसली. अशा वेळी घरातल्या तरुण मुलांची उलटतपासणी ठरलेलीच. या खेपेला पाळी होती माझ्या भाच्याची. तो पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरचं काहीतरी करतो, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

"काय रे, तू नवीन काय बनवतोस?" त्याच्या काकांनी विचारलं.

"नवीन काही नाही काका. दुसऱ्यांनी नव्यात केलेली दुरुस्ती मी जुन्यात बसवतो."

"म्हणजे ठिगळं लावतोस की!"

सगळे हसले. तोही हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण रात्री तो मला घरी सोडायला आला तेव्हा वाटेत त्याचा फोन वाजला. गाडी कडेला घेऊन तो वीस मिनिटं कुणाशी तरी बोलत होता. एक दुरुस्ती सकाळपर्यंत जायला हवी होती. ती बसत नव्हती म्हणे. मला घरी सोडून तो परत कामाला बसणार होता. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. म्हटलं, "रविवारी चहाला ये आणि तुझं ते ठिगळ मला नीट समजावून सांग." तीन रविवार लागले. मी वही घेऊन बसत होते. पस्तीस वर्षं शिकवल्यावर असं शिकायला बसण्यात एक वेगळीच मजा आहे. बी. ए. ला माझा विषय इतिहास, त्यामुळे यंत्रातलं मला फार कळलं असा दावा नाही. पण या कामालाही एक इतिहास आहे आणि तो मला फार आवडला. तोच आज सांगते. चूकभूल द्यावी घ्यावी.

पहिला अडथळा शब्दाचाच. 'कर्नल' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मिशीवाले लष्करी अधिकारी उभे राहिले! भाचा म्हणाला, "अगं मावशी, ते नव्हेत. बदाम फोडल्यावर आत गर असतो ना, तो." तर कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुठल्या कामाला किती स्मरणशक्ती द्यायची, कुणाची पाळी कधी, बाहेरून येणारा निरोप कुणाला द्यायचा, हे सगळं तो पाहतो. आपल्याला तो कधी दिसत नाही. लिनक्स नावाचा कर्नल आज ॲन्ड्रॉइडच्या फोनांत आहे, इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरांत आहे, आणि जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातल्या सगळ्याच्या सगळ्या यंत्रांवर २०१७ च्या नोव्हेंबरपासून तोच आहे.

याचा जन्म फिनलंडमधला. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्‌स नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केलं, की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहोत. पुढे जगभरातून लोक त्याला ईमेलने दुरुस्त्या पाठवू लागले. १९९४ च्या मार्चमध्ये १.० ही आवृत्ती निघाली.

आवृत्त्यांच्या आकड्यांची त्यांची पद्धत मला शाळेतल्यासारखी वाटली. मधला आकडा सम असेल तर ती आवृत्ती स्थिर, लोकांनी वापरायची. विषम असेल तर प्रयोगाची, कच्ची वही म्हणा ना. २.२ स्थिर, २.३ कच्ची, २.४ पुन्हा स्थिर. कच्च्या वहीत सगळं जमलं की पक्क्या वहीत उतरवायचं.

पद्धत छान, पण कच्ची वही फार लांबायला लागली. २.४ निघाली २००१ च्या जानेवारीत आणि २.६ यायला २००३ चा डिसेंबर उजाडला. जवळजवळ तीन वर्षं! तोवर नव्या सोयी २.५ मध्ये अडकलेल्या, आणि लोक वापरत होते २.४. ज्या कंपन्या लिनक्स विकत आणि सांभाळत, त्यांची गिऱ्हाइकं थांबायला तयार नव्हती. मग त्या कंपन्यांनी नव्यातल्या हव्या त्या गोष्टी काढून आपल्या जुन्यात बसवायला सुरुवात केली. रेड हॅट कंपनीने २००३ साली काढलेल्या आवृत्तीत कर्नल नावाला २.४ होता, पण एकाच वेळी अनेक कामं चालवण्याची मोठी नवी यंत्रणा २.५ मधून आणून त्यात बसवली होती. नव्यातलं मागे नेणं, म्हणून या कामाला 'बॅकपोर्ट' म्हणतात. मात्र यातून झालं असं, की प्रत्येक कंपनीचा २.४ वेगळा झाला. नाव एकच, आतलं पुस्तक निराळं.

गंमत म्हणजे मूळ २.४ सांभाळण्याचं काम २००१ च्या अखेरीस मार्सेलो तोसात्ती नावाच्या ब्राझीलच्या मुलाकडे आलं, तेव्हा तो फक्त अठरा वर्षांचा होता. आपल्याकडे अठराव्या वर्षी मुलाला एकट्याने बँकेत पाठवायलाही घरचे कचरतात. पुढे ते काम फ्रान्सच्या विली तारो यांनी घेतलं, आणि २.४ ची शेवटची दुरुस्त आवृत्ती निघाली २०१० साली. जन्मानंतर दहा वर्षांनी!

२.६ नंतर सम-विषमाची पद्धत मोडीत निघाली. २.७ आलीच नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एक नवी आवृत्ती, त्यातच नव्या सोयी, त्यातच दुरुस्त्या. पण मग आज निघालेल्या आवृत्तीत उद्या चूक सापडली तर? पुढच्या आवृत्तीपर्यंत दोन-तीन महिने लोकांनी काय करायचं?

हे व्हायला फार दिवस लागले नाहीत. २००४ च्या ऑगस्टमध्ये २.६.८ निघाली आणि लगेच लक्षात आलं, की एका यंत्रावरच्या फायली नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर वापरायची जी सोय आहे, तिच्यात गंभीर चूक राहिली आहे. म्हणून तेवढीच चूक सुधारून २.६.८.१ काढली. चौथा आकडा पहिल्यांदा आला तो असा. आणि तोही नेटवर्कच्याच पायी.

मग २००५ च्या मार्चमध्ये यावर बरीच वादावादी झाली. फक्त दुरुस्त्या घेणारी एक वेगळी शाखा हवी, पण ती सांभाळणार कोण? काम रुक्ष, श्रेय शून्य, आणि चूक झाली की शिव्या. खुद्द लिनसने या कामाला जो कुणी भोळसट सापडेल त्याच्यासाठी थट्टेने तसाच एक शब्द वापरला होता. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला मुंजीतलं हसणं आठवलं. म्हणजे ही थट्टा जुनी आहे तर! पण दोन भोळसट सापडले. ग्रेग क्रोह-हार्टमन आणि ख्रिस राइट. २ मार्चला २.६.११ निघाली होती, ४ मार्चला यांनी २.६.११.१ काढली. 'स्टेबल' शाखेची सुरुवात ती. ग्रेग क्रोह-हार्टमन पुढे वीस वर्षांहून अधिक काळ हे काम करत राहिले.

या शाखेत काय घ्यायचं याचे नियम लिहून ठेवलेले आहेत. भाच्याने ते मला वाचून दाखवले आणि मी ते वहीत उतरवून घेतले. दुरुस्ती उघडउघड बरोबर हवी आणि तपासलेली हवी. आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठी नको. एका दुरुस्तीने एकच गोष्ट सुधारायची. लोकांना खरोखर छळणारी चूक असेल तरच, "कदाचित असं होऊ शकेल" म्हणून नाही. आणि शुद्धलेखनाच्या किरकोळ दुरुस्त्या अजिबात चालणार नाहीत! हा शेवटचा नियम ऐकून माझ्यातली शिक्षिका जरा दुखावली. पण विचार केल्यावर पटलं. चालत्या गाडीचं चाक बदलताना कुणी तिला रंग देत बसत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम वेगळाच आहे. तीच दुरुस्ती किंवा तिच्यासारखीच दुसरी लिनसच्या मुख्य, नव्या प्रतीत आधी झालेली हवी. मी विचारलं, "असं का? चूक जुन्यात छळतेय तर जुन्यात आधी सुधारावी." तो म्हणाला, "मावशी, जुन्यात सुधारली आणि नव्यात राहून गेली, तर नवी आवृत्ती घेणाऱ्याला तीच चूक पुन्हा भेटणार. म्हणून आधी नव्यात, मग मागे." म्हणून प्रत्येक मागे नेलेल्या दुरुस्तीच्या माथ्यावर मूळ दुरुस्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. शिवाय मूळ दुरुस्ती करणारा बहुधा हेही लिहून ठेवतो, की ही चूक अमुक एका बदलात शिरली. त्यावरून कळतं, की कोणकोणत्या जुन्या आवृत्त्यांत ती आहे आणि कुठे नाही. वंशावळच म्हणायची.

इथवर आल्यावर मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, "अरे, हे मी केलंय!" तो बघतच राहिला.

पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती येते तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांकडे जुनीच असते. मोठ्या भावाची, शेजारच्या ताईची, रद्दीतून आणलेली. नव्या आवृत्तीत चूक सुधारलेली असते, ती जुन्यातही करून घ्यावी लागते. पण जुन्यात तो धडा बावन्नाव्या पानावर असतो, नव्यात सत्तेचाळिसाव्या. वाक्यही थोडं बदललेलं असतं. नव्यात "शेजारील चित्र पाहा" असं असतं आणि जुन्यात चित्रच नसतं. मग बाई वर्गात फिरून प्रत्येकाच्या पुस्तकात पेन्सिलीने दुरुस्ती करून घेतात. बॅकपोर्ट म्हणजे हेच. पान शोधायचं, मजकूर जुळतो का पाहायचं, आणि जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्थ कायम ठेवून शब्द बदलायचे. 'पॅच' हा शब्दही असाच कागदावरचा आहे. पूर्वी भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर प्रोग्रॅम असत, तेव्हा चुकलेल्या जागी खरोखरच कागदाचं ठिगळ चिकटवत.

आता नेटवर्कचं. माझ्या भाच्याचं काम याच भागात आहे. बाकी चुका घरातल्या घरात राहतात, पण नेटवर्क म्हणजे घराचं दार. तिथून कुणीही अनोळखी येऊन कडी वाजवू शकतो. कर्नलच्या या भागाची देखभाल डेव्हिड मिलर या माणसाने वर्षानुवर्षं केली. त्यांची शिस्तच वेगळी होती. चालू दुरुस्त्यांची एक वही, पुढच्या आवृत्तीसाठीच्या नव्या कामाची दुसरी. आणि नेटवर्कची कोणती दुरुस्ती मागे न्यायची, हे इतर विभागांसारखं ज्याने त्याने सुचवायचं नाही, मिलर स्वतः यादी ठेवत आणि स्वतः पाठवत. दुरुस्ती मुख्य प्रतीत थोडी मुरू द्यायची आणि मगच मागे न्यायची, असा त्यांचा रिवाज. लोणच्यासारखं! ही वेगळी चाल २०२१ साली संपली आणि नेटवर्कही इतरांच्या रांगेत आलं.

दार किती नाजूक असतं याची एक गोष्ट सांगते. यात गणित आहे, पण सातवीचं.

इंटरनेटवर मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि समोरचा पोच देतो. पूर्वी पोच एवढीच असे, की "पाचपर्यंत मिळालं." सहावा तुकडा हरवला आणि सातवा-आठवा पोचला, तर ते सांगायची सोय नव्हती. १९९६ साली निवडक पोच देण्याची पद्धत ठरली. "सात-आठ मिळाले, सहावा पुन्हा पाठवा." याला 'सॅक' म्हणतात. फार सोयीची गोष्ट, सगळ्यांनी घेतली.

लिनक्समध्ये पाठवायचा मजकूर एका गठ्ठ्यात ठेवतात, आणि गठ्ठ्यात तुकडे किती हे मोजायला सोळा बिटांची जागा दिली होती. म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ पर्यंत मोजता येतं. पुरेसं वाटतं ना? पण एका गठ्ठ्यात १७ भाग आणि नेहमीच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक भाग ३२ किलोबाइटचा असू शकतो. समोरचा माणूस लबाड असेल तर तो सांगतो, "मला एका वेळी अगदी चिमूटभरच पाठवा," इतकं की प्रत्येक तुकड्यात मजकुराला आठच बाइट उरतात. आता करा गुणाकार. १७ गुणिले ३२ गुणिले १०२४, भागिले ८. उत्तर ६९,६३२. मापट्यात मावेना! आकडा ओसंडला, हिशोब जुळेना, आणि हिशोब जुळत नाही असं पाहून कर्नल स्वतःच काम बंद करून बसायचा. म्हणजे दूर कुठेतरी बसलेल्या अनोळखी माणसाने नुसते मुद्दाम घडवलेले तुकडे पाठवून एखाद्याचा सर्व्हर आडवा करावा!

ही चूक नेटफ्लिक्स कंपनीच्या जोनाथन लूनी यांना सापडली आणि १७ जून २०१९ रोजी जाहीर झाली. २.६.२९ पासूनच्या आवृत्त्यांत ती होती, म्हणजे दहा वर्षं. नव्या प्रतीत गूगलच्या एरिक ड्युमाझे यांनी दुरुस्ती केली. पण जगातली यंत्रं नव्या प्रतीवर थोडीच चालत होती? म्हणून त्याच दिवशी पाच वेगवेगळ्या शाखांच्या दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. ५.१.११, ४.१९.५२, ४.१४.१२७, ४.९.१८२ आणि ४.४.१८२. शेवटची ४.४ ही २०१६ च्या जानेवारीतली. प्रत्येकीत धड्याचं पान वेगळं. आपण कुणी त्या दिवशी काही ऐकलं का? नाही. कारण कुणीतरी जागत बसून ती पानं शोधली होती.

अर्थात सगळं सुरळीत झालं असंही नाही. त्याच संचातल्या दुसऱ्या एका दुरुस्तीने स्मरणशक्तीच्या वापरावर मर्यादा घातली, ती जरा जास्तच कडक झाली. स्टीम नावाची खेळांची सेवा वापरणाऱ्यांचे संपर्क तुटू लागले. काही दिवसांतच ती मर्यादा सुधारावी लागली. औषधाने रोग गेला, पण पित्त झालं.

पण मला खरी रुतली ती दुसरी हकिगत. ती तशी लहान आहे.

कर्नलमध्ये प्रत्येक संपर्कासाठी पाठवायच्या पत्रांची एक चळत असते. पूर्वी पाठवून झालेली पण पोच न आलेली पत्रं आणि अजून पाठवायची पत्रं एकाच चळतीत असत, आणि "इथून पुढची पाठवायची" हे कळावं म्हणून मध्ये एक खूण असे. पुस्तकात मोरपीस ठेवतो तशी. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ मध्ये ही रचना बदलली. दोन चळती वेगळ्या केल्या, त्यामुळे खुणेची गरजच उरली नाही.

त्याच वर्षी पुढे एक दुरुस्ती झाली. संपर्क तुटून पुन्हा जोडताना आधीची उरलेली पत्रं फेकून द्यावीत, अशी. नव्या रचनेत ती अगदी बरोबर होती. ती नेहमीप्रमाणे मागे, ४.१४ आणि ४.९ या दीर्घकाळ सांभाळायच्या शाखांत नेली. तिथेही ती नीट बसली. कुरकुर झाली नाही. फक्त एवढंच झालं, की जुन्या रचनेत चळत फेकली गेली आणि खूण तशीच राहिली. फेकून दिलेल्या पत्राकडे बोट दाखवत. पुढे कर्नल त्या बोटाच्या दिशेने गेला, की तिथे आता भलत्याचंच काही ठेवलेलं असायचं. आणि ज्याला यंत्रावर साधा प्रवेश आहे, त्याला हे मुद्दाम घडवून आणता येत होतं. मूळ चुकीपेक्षा ही नवी चूक कदाचित जास्त गंभीर होती, असं तिच्या अधिकृत नोंदीतच म्हटलं आहे. बरोबर पुस्तकातली बरोबर दुरुस्ती, आणि दुसऱ्या पुस्तकात तिनेच केलेली चूक.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ४.१४.१३९ आणि ४.९.१९० या आवृत्त्यांत ती निस्तरली. दुरुस्ती लिहिली बेन हचिंग्ज यांनी. डेबियनचे कर्नल त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले. त्या दुरुस्तीच्या टिपेत त्यांनी सरळ लिहिलं आहे, की ही चूक मूळ प्रतीत नाही, ती बॅकपोर्टमुळे शिरली, अमुक बदल मागे नेताना तमुक बदल जुन्यात नव्हता म्हणून. कुणावर राग नाही, सारवासारवही नाही. आणि ती टीप आता कायमची तिथे आहे, कुणीही वाचावी.

भाचा हे सांगत होता आणि माझा चहा गार होत होता. कारण मला एक मुलगी आठवत होती.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि सातवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं होतं. पुस्तकाची नवी आवृत्ती आली होती, सोबत शुद्धिपत्राची चिठ्ठी. नफा-तोट्याच्या एका उदाहरणाचं मागे छापलेलं उत्तर "शेकडा २५ ऐवजी २० वाचावे." मी ती चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचली आणि सगळ्यांकडून, जुन्या पुस्तकवाल्यांकडूनही, २५ खोडून २० लिहून घेतले. उदाहरण वाचलं नाही. चिठ्ठी छापील होती, मग वाचायचं कशाला?

नव्या पुस्तकात खरेदी ५०० रुपये आणि विक्री ६०० होती. नफा शेकडा २०, बरोबर. पण जुन्या पुस्तकात खरेदी ४८० होती. नफा १२०, म्हणजे शेकडा २५. नव्या आवृत्तीत उदाहरणातला आकडा बदलला होता आणि मागचं उत्तर बदलायचं राहिलं होतं, चिठ्ठी त्यासाठी होती. जुन्या पुस्तकात चूक नव्हतीच.

एका मुलीने घरचा अभ्यास करून आणला. थोरल्या बहिणीचं जुनं पुस्तक, पाठ्यपृष्ठ निघालेलं, सुतळीने शिवलेलं. तिचं उत्तर २५. मी लाल फुली मारली. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पुस्तकात ४८० आहे." मी म्हटलं, "पुस्तकात चूक होती, कालच सुधारून दिली ना? बस खाली." ती बसली. दुसऱ्या दिवशी तिने तेच उदाहरण पुन्हा करून आणलं. उत्तर २०. मधल्या पायऱ्या तिने कशातरी ओढूनताणून जुळवल्या होत्या. मी बरोबरची खूण केली.

गणिताच्या बाई रजेवरून आल्या तेव्हा त्यांनी ते पाहिलं आणि मला हळूच सांगितलं. मी त्या मुलीची वही मागून घेतली, पहिल्या फुलीवर बरोबरची खूण केली आणि वही परत दिली. बोलले काहीच नाही. त्या काळी बाईंनी मुलांपुढे चूक कबूल करायची पद्धत नव्हती, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. चुकीचं उत्तर शिकवल्याचं एवढं वाईट नाही वाटत. बरोबर उत्तर काढणाऱ्या मुलीला मी खोट्या पायऱ्या लिहायला शिकवलं, त्याचं वाटतं.

बेन हचिंग्ज यांची ती टीप ऐकताना मला वाटलं, मीही त्या दिवशी फळ्यावर दोन ओळी लिहायला हव्या होत्या. "ही चूक जुन्या पुस्तकात नव्हती. ती मी दुरुस्ती करताना शिरली." बस, एवढंच.

असो. विषयाकडे येते.

मग जुनं टाकून सगळ्यांनी नवंच का वापरू नये? हाही प्रश्न मी विचारला. उत्तर सोपं आहे. वर्गातली निम्मी मुलं जुनं पुस्तक का वापरतात? कारण सगळी व्यवस्था त्यावर बसलेली असते. फोनमधली चिप, कारखान्यातलं यंत्र, यांचं सगळं जुळवून आणलेलं असतं एका आवृत्तीशी. ती बदलायची म्हणजे पहिल्यापासून तपासणी. रेल्वे आणि वीजकेंद्रांसारख्या कामांसाठी तर दहा-दहा वर्षं एकच कर्नल सांभाळायचा, असा एक वेगळा प्रकल्प २०१६ साली सुरू झाला. रेड हॅटने २०१४ साली काढलेल्या सातव्या आवृत्तीत ३.१० हा कर्नल होता, आणि तिची नेहमीची देखभाल २०२४ च्या जूनपर्यंत चालली. दहा वर्षं नव्यातली दुरुस्ती मागे नेत राहायची. दर वर्षी अंतर वाढत जातं, पानं जुळेनाशी होतात, आणि काम अवघड होत जातं.

मूळ शाखेत 'दीर्घकालीन' आवृत्त्यांना आधी दोन वर्षं मिळत. २०१७ साली फोनवाल्यांच्या गरजेपोटी ती मुदत सहा वर्षांपर्यंत नेली. २०२३ साली पुन्हा दोनवर आणायचं जाहीर झालं, कारण सांभाळणारी माणसं दमली होती. मध्यंतरी कोणत्या दुरुस्त्या मागे न्याव्यात हे सुचवायला यंत्रालाच शिकवण्याचा प्रयोग साशा लेव्हिन यांनी केला, त्याचा उपयोग होतो आणि त्यावरून वादही होतात. यंत्र सुचवतं, पण जुन्या पुस्तकात ४८० आहे की ५००, हे कुणीतरी वाचावंच लागतं.

तिसऱ्या रविवारी निघताना मी भाच्याला विचारलं, "त्या रात्रीची ती दुरुस्ती बसली का रे?"

म्हणाला, "बसली. पण मी पाठवली नाही लगेच. बसली म्हणजे बरोबर असतेच असं नाही. आजूबाजूचं सगळं वाचलं, पहाट झाली. मग पाठवली."

मंडळी, मुंजीत हसलेल्या सगळ्यांना, मी धरून, हे सांगायचं होतं. आपल्या घरात गोधड्या शिवणाऱ्या आज्या होऊन गेल्या. ठिगळ लावायला कापडाचा पोत ओळखावा लागतो, नाहीतर नवं ठिगळ जुन्या कापडाला फाडतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पुढच्या कार्यात काकांनी पुन्हा विचारलं, की तू नवीन काय बनवतोस, तर भाच्याने काय उत्तर द्यायचं ते तो ठरवेल. मी मात्र त्याच्या शेजारी बसणार आहे.

आणि ती मुलगी. आता तिचीही पन्नाशी जवळ आली असेल. कुठे असते ठाऊक नाही. कधी हे वाचलंस, तर बाळ, पुस्तकात ४८० च होते. तुझं उत्तर बरोबर होतं.